परत येण्याचा पुरावा

एप्रिलचा दुसरा रविवार. जेवणाच्या टेबलावर
युरोपचा नकाशा, त्यावर तांबड्या रश्श्याचा एक थेंब.
नेमका समुद्रात पडला, म्हणून कुणी पुसला नाही.

गिरिजाला पॅरिस हवं होतं.
धैर्यशीलला, जिथं मटण मिळेल असं कुठलंही.
मी भिशीची वही उघडून बसलेली:
एका युरोचे रुपये गुणिले तिघं गुणिले नऊ रात्री,
आणि हातचा एक,
जो कुठं मिळवायचा तेच कळत नव्हतं.
चौथं तिकीट आण्णांनी आधीच खोडलं होतं. गुडघा.

तेच आण्णा पंख्याखालून म्हणाले,
"फ्लॉरेन्सला जावा. आपला माणूस हाय तिथं."

कोण?

"आपला राजा. विशीतलं पोर.
विलायत बघून परत येताना तिथंच गेलं.
नदीकाठाला जाळलं, रात्रीचं.
अजून छत्री हाय म्हणं."
एवढं बोलून त्यांनी कूस बदलली.
एकतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करून
बेळगावच्या पुढं न गेलेला माणूस
फ्लॉरेन्सचा पत्ता असा सांगत होता,
जसं बिंदू चौकातून डावीकडं.

मग कागद सुरू झाले.
सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट,
शिरोलीच्या फौंड्रीचं रजेचं पत्र,
पांढऱ्या पडद्यापुढचा फोटो
(टिकली चालते का, यावर घरात दोन दिवस).
पुण्याची तारीख मिळाली, सकाळी सव्वाआठची,
म्हणजे रात्री तीनला घर सोडायचं.
शाहूपुरीतले एजंट मुजावर म्हणाले,
"वैनी, त्यास्नी एकच भ्या असतंय,
तुम्ही परत येणार न्हाई.
पुरावा द्या, भक्कम."

पुरावा.
रात्री ओट्याशी उभी राहून मी मोजत होते:
जूनमध्ये उघडणारी शाळा,
फ्लॅटचे राहिलेले अकरा वर्षांचे हप्ते,
गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीखाली धरलेला पेला
आणि गिरिजाच्या ओठावर उमटणारी फेसाची मिशी,
रंकाळ्यावरून येणारा तो वास,
ज्याला आम्ही नावं ठेवतो, आणि परगावचं कुणी ठेवली तर भांडतो.
फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता.
तिथं आकडे मागितले होते.

आणि तो?
त्याला कुणी विचारलं असेल का असं?
त्याच्याकडे तर ढिगानं पुरावे होते:
गादी, गाव, अख्खी पंचगंगा.

हे मी धैर्यशीलला सांगितलं नाही.
तो बॅग वजनकाट्यावर ठेवत होता, पुन्हा उचलत होता.
कांदा-लसूण मसाला दीड किलो.
"नऊ दिवसांला दीड किलो?"
"शेजाऱ्यांना देऊ."
"हॉटेलात कसले शेजारी?"
त्याच्याकडे उत्तर नव्हतं, मसाला राहिला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आण्णा
रिक्षा करून घाटावर जाऊन आले.
त्या गुडघ्यानं, पायऱ्या उतरून.
गिरिजा ओरडली, "आजोबा, विमानात पाणी नेऊ देत नाहीत!
शंभर मिलीच्या वर काढून घेतात."
आण्णांनी खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली,
खळखळून धुतलेली, बूच घट्ट.
"शंभरच हाय. वाचलंय मी."

धैर्यशील म्हणाला, "आण्णा, ते पाणी आता
कसलं राहिलंय? वरून सगळी मळी येते."
आण्णांनी बाटली उजेडात धरली. गढूळच होती.
"त्याच्या वक्ताला चांगलं हुतं," म्हणाले,
"वळखंल तो."

बाटली मी हँडबॅगेत ठेवली,
पासपोर्टांच्या आणि परतीच्या तिकिटांच्या मध्ये.
लेबल निघालंच नव्हतं पूर्ण.
अजून वाचता येतंय:
एकेक चमचा, दिवसातून तीन वेळा.
वापरण्यापूर्वी हलवा.