मान न वळवता

पाइप रोडच्या शमशादने नवी बॅटरी बसवली,
टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली,
चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात उठली.
रेडिओ उठला नाही.
त्याच्या हिरव्या पट्टीवर चार इंग्रजी अक्षरं उभी राहिली :
कोड.

'चोरांसाठी असतो,' शमशाद म्हणाला,
'बॅटरी काढली की ह्याला वाटतं, आपल्याला उचललं.'
आणि बोलता बोलता एक-दोन-तीन-चार दाबलं.
मग चार-तीन-दोन-एक.
'आता एकच चान्स. चुकला तर तासभर तोंड उघडणार नाही.
कागद असेल ना चाचा, मालकाकडे?'

मालक मीच आहे, हे सांगायला
मला अजून थोडा वेळ लागतो.

बावीस वर्षं चालवली ही. ताडदेव ते फोर्ट, फोर्ट ते ताडदेव,
रविवारी माटुंग्याला, साहेबांच्या बहिणीकडे.
हट्टंगडी साहेब गेले, बाईंनी फंडाऐवजी गाडी दिली.
आता कन्नमवार नगरात पाण्याच्या टाकीखाली उभी असते,
पोरं डिकीवर खडूने स्टंप काढतात.
आरसी माझ्या नावावर, विमा माझ्या नावावर.
ह्या डब्याला कुणी कळवलं नसावं.

कॅसेटवाला रेडिओ. आज चोराला फुकट दिला
तर तो वर रिक्षाचं भाडं मागेल.
पण पहारेकऱ्याला हे कोण सांगणार?

जन्मसाल टाकून बघावं, तर बटणं सहाच,
एक ते सहा.
गेल्या शतकाला नऊ लागतो, ह्या शतकाला शून्य.
माझं लग्न बसत नाही त्यात, नातही बसत नाही.

आणि आकडा मला ठाऊक आहे.

अडचण तीच आहे.
खूप मागे, प्रभादेवीला, अशीच बॅटरी गेली होती.
साहेब मागच्या सीटवरून मेकॅनिकला चार आकडे बोलले,
हळू, इंग्रजीत,
आणि माझ्या मानेकडे बघून थांबले.
मी समोर बंद वायपरकडे बघत होतो.

तसा बावीस वर्षं मी समोरच बघत होतो.
धाकट्याचं बॉस्टनमध्ये मोडलेलं लग्न,
तो रिपोर्ट, जो बाईंना महिनाभर सांगितला नव्हता,
माटुंग्याच्या फ्लॅटमध्ये कुणाचा किती वाटा.
एकदा बाई रडल्या, पेडर रोडपासून हाजी अलीपर्यंत.
साहेब म्हणाले, धाकू, आवाज वाढव जरा.
मी वाढवला.
तरी ऐकू आलं.
घरी बायको विचारायची, काय बोलतात ओ मोठी माणसं गाडीत?
मी म्हणायचो, ट्रॅफिकचं.

शमशादने स्टूल दिलं, कटिंग सांगितली.
मी बाईंना फोन लावला.
बाई हल्ली नावं विसरतात. माझं आठवलं.
'कोड? अरे, ते सगळं साहेबांकडे असायचं.'
मग बराच वेळ त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत राहिला.
'तू होतास की रे तिथे.'

मी काहीच बोललो नाही. तेवढं मला येतं.

'होतास ना, धाकू?'

होतो, म्हणालो.

तीन. तीन. एक. पाच.
शमशाद बघत होता, म्हणून डाव्या पंजाने आड करून दाबले.
रेडिओने एकदा टुक केलं, आणि खरखर.
साहेबांच्या बातम्यांचं पहिलं बटण पुसलं गेलेलं,
बाईंचं तिसरंही.
घड्याळात एक वाजलेला, दुपारचा की रात्रीचा कोण जाणे.
'काय लावू चाचा?'
राहू दे, म्हणालो. पैसे दिले.

खरखर ऐकत निघालो.
घाटकोपरच्या सिग्नलला त्यात एक बाई उगवली,
कुठल्या स्टेशनवरची कोण जाणे,
बाजारभाव सांगत होती. टोमॅटो तीस रुपये किलो.
खोटं आहे, मी म्हणालो.
मोठ्याने म्हणालो, गाडीत.
पन्नासच्या खाली कुठे मिळतो दाखव.