टिपा लिहा (कोणत्याही चार)

जिंतूरला मार्चमध्ये पंखा नुसती हवा फिरवतो,
थंड करत नाही.
बी. ए. दुसरं वर्ष, घटक चाचणी, बेचाळीस पेपर.
त्यातल्या एक्केचाळिसांत
'यती म्हणजे चारणातील विश्रांतीचे स्थान'.
माझ्याच नोट्स, माझ्याच चुकीसकट.
फळ्यावर घाईत एक काना जास्त पडला होता,
तो सगळ्यांनी जपून उतरवलाय.

बेचाळिसावा गंगासागर पाचंगेचा.
मागचा बाक. हजेरी बासष्ट टक्के.

'यती :
बाबा संबळ वाजवताना मधीच एक ठोका खातात.
कुठं गेला विचारलं तर म्हणले,
समोरच्याची मान बघ, हलायलीय का.
हलली की तिथं असतो तो.

नेपथ्य :
जीपच्या आडोशाला आई लुगडं धरून उभी राहते.
पलीकडं दादा बिडी विझवतो, झगा घालतो,
कवड्यांची माळ घालतो.
अलीकडं येतो तेव्हा लोक त्याच्या पाया पडतात.
पुस्तकात या शब्दाचे दोन अर्थ दिलेत,
वेष, आणि पडद्यामागची जागा.
आमच्यात दोन्हीला मिळून एकच लुगडं आहे.

स्वगत :
चुलती भाकरी थापताना बोलते ते.
सगळ्या घराला ऐकू येतं,
पण ऐकलं असं कुणी दाखवायचं नसतं.'

समासात मी लिहिलं, 'उदाहरण ग्रंथातील हवे.'
लिहिलेलं आवडलं नाही.
खोडलं. खोडलेलं दिसतच राहिलं.

चौथी टीप, साधारणीकरण.
शब्दाखाली पट्टीनं मारलेली रेघ,
मग सात ओळी कोऱ्या,
आणि तळाला बारीक अक्षरात :
'सर, हे शिकवलं त्या दिवशी
मी बोरीला गेले होते, गोंधळ होता. माफ करा.'

तो तास मी वीस मिनिटांत गुंडाळला होता.
बोरीची एसटी गाठायची होती मला,
मेव्हण्याच्या पोराचं लग्न, रात्री गोंधळ.

दोनच्या पुढं आख्यानातलं लेकरू रानात चुकलं.
मानपानावरून दिवसभर तणतणलेला नवरदेवाचा चुलता
उपरण्यानं डोळे पुसायला लागला.
मला मूलबाळ नाही.
तरी उठून हौदाकडं जावं लागलं,
उगंच चूळ भरली,
अंधारात उभा राहिलो
लेकरू सापडेपर्यंत.

दिवटीजवळ बुधली घेऊन कुणी पोरगी होती.
तेल घालत होती, वात सारत होती.
तोंड आठवत नाही.
उजेड आठवतो.

आता पेपर समोर आहे.
कोऱ्या सात ओळींना गुण कसे द्यायचे
ते नियमात कुठंच नाही.
लाल पेनानं 'सोळापैकी' लिहिलंय,
आणि पुढचा ठोका
खाल्लाय.