ट्रिम

उद्यमबागेला सुट्टी.
भरमाण्णा सायकलच्या कॅरियरला पंख बांधून
यळ्ळूरच्या भाताच्या धसकटांत उतरतो.

दोन बोटांवर विमान तोलून बघतो.
तिसरं प्रेसमध्ये गेलं, त्याचं तो बोलत नाही.
शेपूट जड.
नाकात एक वायसर, वर चिकटपट्टी, परत बोटांवर.
आता नाक किंचित खाली. तसंच पाहिजे.

"सोड, इराण्णा!"
इराण्णा चार पावलं पळून हातातनं सोडतो.
वर चढतंय, पण डावीकडं ओढ खातंय,
राजहंसगडाकडं,
तिथनं कुणी हाक मारल्यागत.

"बलक्के, स्वल्प बलक्के."
एक टिक उजवीकडं.
"इन्नू स्वल्प."
अर्धी टिक नसते,
तरी तो अंगठ्याच्या कडेनं शोधतो,
लेथवर शेवटचा कट घ्यावा तसा.

मग दोन्ही अंगठे काड्यांवरनं उचलतो.
रिमोट गळ्यातल्या पट्ट्याला लोंबतोय,
हात पाठीमागं.

विमान सरळ निघालंय.
आपला बांध गेला, पाटलांचा गेला,
मसुराचं हिरवं शेत गेलं.

"काय करूलालास? धर की रे!"

थांब की, भरमाण्णा म्हणतो,
बघू दे जरा,
कुणी न धरता
कसं जातंय ते.