मागची पायरी

"श्वास धरा, पंधरा मोजा, मग सावकाश फुंका,"
नबीला म्हणाली. ग्रीनॉकच्या त्या फार्मसीतली खोली
कपाटाएवढी. मी नळीत एकेचाळीस वर्षं फुंकली.
आकडा आला सव्वीस.
तिने वहीत लिहिला. ओरडली नाही.
"ही पट्टी. रोज सकाळी कोरड्या कातडीवर,
रोज जागा बदलून."

म्हणजे आत जे जातं तेच,
फक्त धुराशिवाय?
चोराच्याच हाती किल्ल्या दिल्यात की, मी म्हणालो.
"हो, पण काही आठवड्यांनी
एकेक किल्ली काढून घेणार आहोत."

पहिल्या रात्री पट्टी उतरवायची राहिली.
स्वप्नात बाप आला, फेरीवर तिकिटं तपासत,
आणि प्रत्येकाच्या वरच्या खिशातून
ओल्या सिगारेटी काढून सीलना खाऊ घालत होता.
सील मान हलवून नको म्हणत होते.
घामेजून उठलो, खांदा खाजत होता.

चौथ्या दिवशी धक्क्याला लागताना
दोर फेकला आणि हात रिकामा झाला.
रिकामा हात फार वाईट.
आपणहून खिशाकडे जातो, चाचपतो, परत येतो
चुकीच्या घरी गेल्यासारखा.
सुंभ जळतो, पीळ राहतो,
दोरावरच्या माणसाला हे कोण सांगणार.
मग गम. चावायचा, झोंबला की थांबायचं,
गालात सारून ठेवायचा.
मिरपूड लावलेलं रबर. प्रवासी बघतात,
मी म्हशीसारखा रवंथ करत साखळी सोडतो.

हे सगळं सोसतं.
सोसत नाही ती मागची पायरी.
मिरन एकोणीस वर्षांची. स्वयंपाकघरात
तिच्या तोंडून "हं" निघतं, फार तर "नको."
पण रात्री मागच्या दाराशी
माझ्या लायटरवर तिची पेटायची, आणि तोंड उघडायचं.
कॉलेज सुटलं ते, तो मुलगा,
आईला फोन का करत नाही ते,
मला सगळं सिगारेटीच्या लांबीत कळलंय.
कधी दोन लागल्या.
या सात मिनिटांची पट्टी
नबीलाच्या कुठल्याच खोक्यात नाही.

दुसऱ्या आठवड्यात आकडा आला तीन.
घरी कुणाला सांगावं कळेना.

त्या रात्री तरी जाऊन बसलो,
धूर दुसरीकडे जाईल अशा बाजूला.
तिने स्वतःच्या काडीने पेटवली.
बराच वेळ क्लाइडवरचा भोंगाच बोलत राहिला.
"काय चघळतोयस?"
"शिक्षा."
"दे बघू एक."
चावला, तोंड वाकडं केलं, शी म्हणून थुंकली गवतात,
आणि हसली. किती दिवसांनी.
मग म्हणाली, "डॅड, एक सांगायचंय."

सिगारेट तिच्या बोटांत न ओढताच
राख होत खाली वाकली.
ती बोलतच होती.
माझ्या गालातला गम केव्हाच बेचव झाला होता.
मी थुंकला नाही.