आठशे ग्रॅम

भंगारवाल्यानं दहाची म्हणून दिलेली प्लेट
यमुलच्या काट्यावर भरली नऊ किलो दोनशे.
जोडीतली दुसरी मात्र पुरी दहा.

म्हणून हलक्या बाजूला
आठशे ग्रॅम ज्वारी, पुरचुंडीत, तारेनं आवळून.

दांडा अशोक चौकातल्या बंद मागाचा.
बेंच घेतला नाही, पाय पसरायला जागा नाही;
जमिनीवर रिजेक्ट चादरींची घडी,
टेकवलं तरी खालचे कोंड्याल जागे होत नाहीत.

डॉक्टरीण म्हणाली, हाडं ठिसूळ झालीत, उचला काहीतरी.
चाळीस वर्षं विड्या वळल्या.
हजाराला तंबाखू किती, बोटांना पाठ;
पाठ मात्र नुसती वाकून बसली.

आज पाचव्या खेपेला पुरचुंडी सुटली.
ज्वारी घरभर.
वेचायला वाकले
गुडघ्यांतून, शिकवल्यासारखी,
आणि कंबर काही बोलली नाही.