दुपदरी

सहा वर्षं हिवराज पुण्यात चिनी हॉटेलात होता,
मागच्या दाराशी, जिथे कांद्याची पात चिरतात.
बदकाचं ताट त्याच्या हातावरून पुढं जायचं:
पात, काकडीच्या काड्या,
बांबूच्या टोपलीत झाकलेल्या पोळ्या.
इतक्या पातळ, तो सांगतो,
की तळहातावर ठेवली तर खालच्या रेषा दिसाव्या.
चव?
चव नाही घेतली कधी.

हॉटेल बंद पडलं. तो चिचटोल्यात परत आला.
आमच्या बोडीवर तेव्हा बारा बदकं.
म्हणाला, एकदा करून पाहू.

बदकाचं सगळं ठाऊक होतं त्याला.
कातडीवर उकळतं पाणी, मग गुळाचं पाणी,
मग मच्छरदाणीच्या खिळ्याला टांगून
रात्रभर समोर टेबलफॅन.
आम्ही दोघं घामात निजलो.
पंखा बदकाला होता.

आणि पोळ्या? मी विचारलं.
तो जरा वेळ गप्प.
"त्या पाकिटातून यायच्या. बर्फातल्या."

सायकल काढून सडक अर्जुनीला गेला,
तिथून एसटीनं साकोलीला.
चायनीजच्या गाडीवरचा पोरगा म्हणाला,
भाऊ, नूडल्स हाये, मंचुरियन हाये,
पोळी कायले लागते त्याले?
किराणावाल्यानं समोशाची पट्टी दाखवली.
संध्याकाळी आला तो
एक किलो मैदा आणि पाडलेलं तोंड घेऊन.

भागरता आत्या म्हणाली, पतलीच पाह्यजे ना? मडकं ठेव.
साऱ्या टोल्यात लग्न असो की तेरवी,
लांब रोट्या तिच्याच हातच्या.
कोपरापर्यंत कणीक झुलवते,
उलट्या मडक्यावर अशी टाकते
की धुणं वाळत घातल्यासारखं वाटावं.
एका रोटीत अख्खं बदक गुंडाळलं असतं.
"आत्या, तळहाताएवढी पाह्यजे."
तेवढी केली तर तिचा पापड झाला.
"तुया चिन्यायले तळहात तरी केवढा असते?"

मी चहाचं आधण मैद्यात ओतलं,
कणीक मऊ तरी येईल म्हणून.
लाट्या केल्या, सुकू नयेत म्हणून तेलाचा हात फिरवला,
जागा नव्हती, एकीवर एक ठेवल्या.
आत्याला संध्याकाळी नीट दिसत नाही.
तिनं उचलल्या आणि दोन्ही मिळून लाटल्या.

तव्यावर ती मधूनच फुगली.
"अवं, हे तं दोन व्हय!"
मी कडेला नख घातलं.
वाफेनं बोटं पोळली आणि पदर सुटला:
दोन पोळ्या,
दोन्ही एकाच अंगानं भाजलेल्या,
आतून पांढऱ्या, ओलसर,
तव्याला एक बाजू दिलेली, एकमेकींना दुसरी.

हिवराज बघत राहिला. मीही.
सहा वर्षं तो तिकडं एका अंगानं,
मी इकडं.
असलं काही मी बोलले नाही.
म्हटलं, हातावर ठेव, रेषा दिसतात का बघ.
दिसत होत्या.
पात चिरताना लागलेल्या सुरीच्या खुणासुद्धा.

मग पिंपाचं झाकण काढलं.
मोहाच्या निखाऱ्यांवर लटकलेलं बदक
तांब्याच्या गुंडासारखं झालेलं,
कातडीवर चमचा मारला तर वाजत होतं.
वाटीत मोहफुलं आटवून केलेला काळा रस,
चिंच, लसूण. तिकडचा सॉस कसला असतो कोण जाणे.
हिवराजनं पहिली पोळी भरली, गुंडाळली,
आणि खाण्याआधी जराशी पुढं धरली,
जसं कुणी खिडकीपलीकडं थांबलंय.
मग एकदम आठवल्यागत
स्वतःच्याच तोंडात घातली.

काय बोलला? काही नाही.
दुसरी भरायला घेतली.

आत्यानं चार खाल्ल्या, हात धुतले.
"बेस हाये," म्हणाली, "आता भात वाढ."

एक जोडी तेवढी सुटली नव्हती,
तेलाचा हात फिरवायचा राहिला असेल.
ती सकाळी चहात बुडवून आम्ही अर्धी अर्धी खाल्ली.
चामट होती.
मग बोडीवर बदकं सोडायला गेले
आणि सवयीनं
बारापर्यंत मोजत राहिले.