पालथी पडून बघ

आरशात काय बघतेस, टॅम्सिन?
उभ्या माणसासाठी शिवलेलंच नाही हे.
उभी राहिलीस की पाठीला पोक येणार,
बाह्या कोपरात वाकलेल्याच राहणार,
जणू तुझ्या आधी कुणीतरी आत शिरून
काहीतरी घट्ट धरून बसलंय.

खाली ये.
हेझल नॅनकिव्हेलच्या दुकानाची जमीन स्वच्छ असते.
पूर्वी हे चॅपल होतं,
फळ्यांवर अजून बाकांच्या पायांचे चौकोन आहेत.
गिऱ्हाईक आलंच तर ओलांडून जाईल,
रेडरुथच्या लोकांनी याहून विचित्र गोष्टी ओलांडल्यात.

डावं कोपर पुढे. थोडं आत.
उजवा गुडघा वर घे, पोट जमिनीवरून सुटू दे,
नाहीतर दुपारचं जेवण निशाणावर नाचतं.
मी एकदा अख्खी पेस्टी खाऊन पडलो होतो स्पर्धेत.
ते कार्ड बायकोनं फ्रिजवर लावलं.

आता सांग, कॉलर हनुवटीला ढकलतेय?
मग हे नको.
कितीही निळं असलं तरी.

ते दुसरं घाल, कॅनव्हासचं, चामडी खांद्याचं.
रंग मोहरीचा आहे, मान्य,
पण रेंजवर सगळे आपापल्या ठिपक्याकडे बघत असतात.
बटणं लाव. सगळ्यात खालचं राहू दे.
श्वास घे. पुरता.
श्वासानं कापड नुसतं चाचपावं,
धक्का मारू नये.

दंडामागे ही कडी लागतेय हाताला?
पट्टा इथे अडकतो. इथेच राहायला हवा.
घसरून खाली आला की नेमकी नस सापडते त्याला
आणि तुझं काळीज थेट रायफलीत.
दर ठोक्याला माशीचं कडं ठिपक्यावरून सरकतं,
परत येतं, सरकतं.
पंचवीस यार्डांवर तेवढं पुरतं.
जाड बाही फार काही करत नाही,
ठोका गोधडीखालून आल्यासारखा येतो, इतकंच.

आणि जाकीट नेम शिकवत नाही, हेही ऐकून ठेव.
विल्फ रोझवॉर्ननं सातशे पौंडांचं घेतलं,
कोपरांना रबर, पाठीला पट्ट्या,
पहिल्याच कार्डावर चौऱ्याण्णव.
जुन्या स्वेटरमध्येही चौऱ्याण्णवच यायचे त्याला,
घाम तेवढा कमी यायचा.

काय म्हणालीस?
टोचतंय?
कुठे, डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली—

अरे देवा. विसरलोच मी.
मे महिन्यात ट्रुरोला बसवलेलं ते यंत्र.
पट्टा ताणला की शिवण नेमकी त्यावर येते.
ऊठ, सोड, काढ ते.
तुला विचारायला हवं होतं आधी,
तीस वर्षं शिकवतोय आणि आरशावरून बडबडत बसलो.

उठत नाहीयेस.

डॉक्टरांनी दस्ता उजव्या खांद्याला चालेल म्हटलंय,
हो, ते तू सांगितलं होतंस.
मग?

पूर्वी ठोका कधी येईल कळायचं नाही, म्हणतेस,
थांबायचा, मग दोन एकदम, जिना चुकल्यासारखे.
गोळी सुटायची त्या दुसऱ्यावर.
आता मोजता येतात.
एक. मग जागा. मग एक.
त्या जागेत बोट चापावर ठेवून
वाट बघता येते, म्हणतेस,
घाई नसते कुणाला.

मी ती जागा आयुष्यभर शोधतोय, टॅम्सिन.
कधी श्वासात शोधली, कधी हातमोज्यात,
एक वर्ष तर कॉफी सोडून बघितली.

हेझल, टेप आण गं. आणि उसवायची कात्री.
हीच शिवण, दोन बोटं वर घ्यायची,
आत मऊ काहीतरी, तुझ्याकडचं ते मेंढीचं कातडं.
नाही, अंगातून काढायचं नाही,
काढलं की माप बदलतं.
टॅम्सिन, जरा कुशीवर हो. एवढीच.

आता श्वास सोड, अर्धा,
आणि तिथेच थांब.
हेझल खडूनं गोल काढतेय.